काचेवरच्या पाकळ्या

तिसऱ्या खेपेला विमा कंपनीच्या इंजिनिअरने, वाल्दाने, फाइलीतून फोटो काढला. पहिल्या दोन खेपांना त्याने नुसती पत्रं वाचून दाखवली होती, आणि पत्राशी भांडणं बासिलियाला सोपं गेलं होतं. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते खरं मानायची तिच्यावर सक्तीही नव्हती. 'चालकाच्या आसनाला मद्याचा उग्र वास.' कुणाच्या नाकाला आला? तुझ्या? मग आधी नाक दाखवून ये डॉक्टरला, असं ती पहिल्या खेपेला म्हणाली होती आणि बाकावर ताटकळत बसलेली माणसं हसली होती. आज वाल्दाने काही वाचलं नाही. त्याने फोटो टेबलावर ठेवला आणि बासिलियाला ओलांडून तो तिच्या सुनेकडे, नोएमीकडे सरकवला, कारण शिकलेली ती. बासिलियाने मध्येच हात घालून तो अडवला. फोटोत काय वाचायचं असतं? चेपलेलं छप्पर, वाकलेलं दार, ड्रायव्हरची सीट. सीटभर काचेचा चुरा, खडीसाखर सांडल्यासारखा. आणि चुऱ्यावर पाकळ्या. पिवळ्या, दोन-चार पांढऱ्या. तिचा मांडीवरचा हात आपोआप पोलेऱ्याच्या, घेरदार झग्याच्या, चुण्यांत शिरला, तिथे काही हरवलं असावं तसा. पाकळ्या काचेच्या वर होत्या.

"बघ मामिता," वाल्दा म्हणाला, "मी काही परदेशातून आलेलो नाही. मीही वरच्या शहरातलाच, एल आल्तोचा. अपघात झाला तो महिन्याचा पहिला शुक्रवार. पहिल्या शुक्रवारी लोक गाडीला शिंपण करतात. फुलं टाकतात, बियर ओततात, अल्कोहोल ओततात. चाकांवर, इंजिनावर, सीटवर. माझा बापसुद्धा करतो. आणि शिंपण करणारा स्वतः कोरडा राहतो होय? अर्धं धरतीला, अर्धं आपल्या घशाला. नाही म्हटलं तर धरती रुसते. हे मी तुला शिकवायचं का?"

"तू मला काय शिकवणार. आणि अरे-तुरे कुणाला चाललंय? गिऱ्हाइकाला की मोलकरणीला?"

"बरं, तुम्ही. दोन्या बासिलिया, तुम्ही. पण तुम्हीच सांगा, ह्या पाकळ्या काय आभाळातून पडल्या?"

"आभाळातून गारा पडल्या. पोलिसांच्या कागदात आहे. गारांनी रस्ता पांढरा झाला होता, गाडी घसरली, तीन कोलांट्या खाऊन शेतात गेली. माझा मुलगा पीत नव्हता. सहा वर्षं थेंब नाही."

"सगळ्यांच्या आया हेच सांगतात," वाल्दा म्हणाला. तो ते वाईटपणे म्हणाला नाही. त्यामुळेच ते जास्त लागलं.

तिने नोएमीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. दोन महिने ती तेच तोंड बघत होती. कंपनीचं पहिलं पत्र घरी आलं तेव्हा नोएमीने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि त्या ओळीशी तिचा आवाज बसला, नळाचं पाणी जावं तसा. तेव्हापासून ती रडायची थांबली होती. नवरा मेलेली बाई रडत नाही, म्हणजे तिच्या आत दुसरं काही चाललेलं असतं, हे बासिलियाला कळत होतं, तिने स्वतः नवरा पुरला होता. नोएमी हिशेब जुळवत बसायची. त्या शुक्रवारी तो सकाळी किती वाजता निघाला. जाताना त्याने प्रार्थना केली होती का. त्याच्या आधीच्या पहिल्या शुक्रवारी तो कुठे होता. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली होती, "आई, तुम्ही त्याला नेलं होतं का कधी, शिंपणाला? माझ्यापासून लपवून?" आणि बासिलिया म्हणाली होती, नाही. ते खरं होतं. एवढंच म्हणून ती गप्प बसली होती, आणि ते गप्प बसणं आता दोन महिन्यांचं झालं होतं, पाळण्यातल्या पोराएवढं, अंगावर वागवायला जड.

एलोयचा बाप दारूत गेला आणि एलोयही त्याच वाटेने निघाला होता. एकोणिसाव्या वर्षी तो जत्रेच्या मैदानात थंडीत पडलेला सापडायचा आणि बासिलिया त्याला चुन्योच्या, वाळवलेल्या बटाट्यांच्या, रिकाम्या पोत्यावर ओढत घरी आणायची. मग ही नोएमी भेटली, तिच्यामागून तिचा पास्टर, आणि एका रविवारी पत्र्याच्या चर्चमागच्या अंगणात, निळ्या प्लास्टिकच्या टाकीत त्यांनी एलोयला डोक्यापर्यंत बुडवला. बटाटे भिजवतात तसा बुडवला माझ्या पोराला, असं बासिलियाने बाजारभर सांगितलं. लोक हसले. पण टाकीतून वर आलेला मुलगा प्यायला नाही. शिव्याही देईना. ब्रदर एलोय. त्याच्या तोंडाला येणारा वास गेला, आणि त्या जागी संत्र्याचा वास आला. दिवसभर गाडी हाकताना तो संत्री खायचा, तलफ मारायला. सालं खिशात भरायचा. त्याच्या जाकिटात हात घातला की नखांना तो वास लागायचा. ह्याबद्दल तिने नोएमीचे पाय धरायला हवे होते, हे बासिलियाला तेव्हाही माहीत होतं. पण ज्या बाईने आपल्या मुलाला वाचवलं तिचे पाय धरायचे म्हणजे आपल्याला तो वाचवता आला नाही हे कबूल करायचं. त्यापेक्षा तिने सुनेच्या सूपमध्ये मीठ कमी आहे, एवढंच सहा वर्षं लावून धरलं.

आणि मग ती गाडी. पांढरी, जपानहून जुनी आलेली, स्टिअरिंग उजवीकडून काढून डावीकडे बसवलेलं. उजवीकडे मूळचं होतं तिथे नुसती खोबण राहिलेली, दात पडलेल्या हिरडीसारखी. निम्मे पैसे बासिलियाच्या चुन्योतून आलेले. तीस वर्षं पहाटेच्या हिवात बटाटे पसरून, सकाळी ते अनवाणी पायांनी तुडवून, त्यांचं पाणी काढून, वाळवून तिने जे साठवलं होतं ते. तिचं एकच मागणं होतं. गाडी आधी सरोवराकाठी कोपाकाबानाला न्यायची, देवळासमोर फुलांनी मढवायची, पाद्रीकडून पाणी शिंपडून घ्यायचं, मग चाकांना बियर, इंजिनाला अल्कोहोल, जमिनीला तिचा घोट. सगळं जग करतं. विमान घेतलं तरी करतील. एलोय म्हणाला, नाही. "आई, देव चाकाला बियर मागत नाही." ती म्हणाली, "देव मागत नसेल. देव वर राहतो. गाडी जमिनीवर चालते." त्यावर तो हसला आणि त्याने जाकिटातून घडी केलेला कागद काढला, संत्र्याच्या सालीसकट. विम्याचा कागद. "हे माझं शिंपण. सगळं लिहिलंय ह्यात, काही झालं तर काय ते." ती म्हणाली, कागदाला तहान नसते, तो काय राखण करणार. कोरडी गाडी आहे ती. मी नाही बसणार.

बसली नाही. सव्वा वर्ष. गुरुवार-रविवारच्या बाजाराला ती परक्यांच्या मिनीबसमधून पोती घेऊन जायची, दुप्पट भांडून. एकदा ती डोक्याला टोपी, पाठीला गाठोडं, अशी वाऱ्यात चालली होती, आणि तो शेजारून गाडी हळूहळू चालवत, काच खाली करून बरोबर येत राहिला, पूर्ण चौक. "बसा दोन्या बासिलिया. भाडं घेणार नाही. गाणं पण नाही लावत." मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. ती सरळ पुढे बघत चालत राहिली, ओठ आत ओढून, कारण हसू येत होतं आणि हसलं की बसावं लागलं असतं. आता ह्या कचेरीतल्या खुर्चीवर, जिला गादी आहे आणि जी फिरते, बासिलियाला तो चौक पावलापावलाने आठवत होता. दार किती वेळा तिच्या हाताजवळ आलं होतं.

अपघात शुक्रवारी दुपारी झाला. शनिवारी सकाळी डॉक्टरने हात पसरून सांगितलं की आता वाट बघायची. वाट बघायची म्हणजे काय करायचं? नोएमीला ते माहीत होतं. ती गुडघे टेकून, पलंगाच्या लोखंडाला कपाळ लावून प्रार्थना करत होती, चर्चमधल्या चार बाया तिच्याभोवती. बासिलियाला तिथे जागा नव्हती. तिने मुलाच्या नाकातली नळी बघितली, छातीचं वर-खाली बघितलं, आणि तिला जे कळलं ते इतकं स्वच्छ होतं की ते कुणाला विचारायची गरज वाटली नाही: धरतीला तहान लागली आहे. सव्वा वर्ष तिच्या अंगावर ही गाडी कोरडी धावली, आणि आता ती स्वतःच्या हाताने घेते आहे. तिला दुसरं काही दिलं तर ती ह्याला सोडील. बासिलिया उठली. बाजारातून एक बियर घेतली, अल्कोहोलची लहान बाटली, ओंजळभर पाकळ्या, मिठाया, लामा या लोकरीच्या जनावराच्या चरबीचा गोळा. मोडक्या गाड्या ठेवतात त्या आवारावर फ्रोइलान नावाचा म्हातारा होता, तिच्याकडूनच चुन्यो नेणारा. तो म्हणाला, दोन्या, आत सोडायची मनाई आहे. ती म्हणाली, मी चोरायला आले नाही, द्यायला आले आहे. त्याने टोपी काढली आणि कुलूपही.

तिने गाडीचं वाकडं दार ओढलं आणि पहिल्यांदा त्या गाडीत बसली. ड्रायव्हरच्याच सीटवर, काचांवर. तिथून तिने सगळीकडे ओतलं. इंजिनाला, चाकांना, जमिनीला, पायाखालच्या रबराला, सीटला, त्या रिकाम्या खोबणीत. हात आखडला नाही. धरतीआई, पी. पोटभर पी आणि त्याला सोड. तिच्या वाट्याचा घोट तिने घेतला नाही. तोही जमिनीला दिला. सगळं झाल्यावर तिला पहिल्यांदा शांत वाटलं, पोत्यांची गाठ नीट बसल्यावर वाटतं तसं. दवाखान्यात परत आली तेव्हा नोएमी दारातच उभी होती. दुपारी एकच्या सुमाराला एलोयने डोळे उघडले होते. पाणी मागितलं नाही. आई कुठे आहे, विचारलं. मग पुन्हा मिटले. "तुम्ही बाजारात गेला होतात," नोएमी म्हणाली. रविवारी पहाटे तो गेला. सोमवारी सकाळी वाल्दा कॅमेरा घेऊन आवारात आला.

"तर मग असं करू," वाल्दा आता नोएमीशी बोलत होता, हलक्या आवाजात, समजुतीने. "हरकतीचा अर्ज द्या. समिती बसते. तुमची लहान मुलगी आहे, रूत, ते लिहा. वासाची नोंद राहील, ती मी काढू शकत नाही, पण कधी कधी समिती निम्मं सोडते. मीही तशी शिफारस लिहीन. काय होतं, तरुण माणूस, सणाचा दिवस, एखाद-दुसरा घोट. कुणी त्याला वाईट म्हणत नाही."

नोएमीने मान हलवली. होकारार्थी. ती मान बासिलियाने बघितली. सहा वर्षं ह्या मुलीने त्याच्यासाठी रात्रीचं ताट झाकून ठेवलं होतं, आणि तो दारात आला की आधी वास घ्यायची, लाजून, जाकीट काढून घ्यायच्या निमित्ताने. आणि सहा वर्षं तिला संत्र्याचाच वास आला होता. आता ती मान हलवत होती. एखाद-दुसरा घोट. निम्मे पैसे. मरेपर्यंत ती त्या जाकिटाचा वास नव्याने घेत राहणार होती.

"काच खाली आहे," बासिलिया म्हणाली.

"काय?"

"काच खाली, पाकळ्या वर. इंजिनिअर म्हणवतोस ना? शिंपण आधी झालं असतं तर पाकळ्या खाली असत्या आणि काच वर. आणि तीन कोलांट्यांत पाकळी सीटवर मांडी घालून बसते होय?"

वाल्दाने फोटो ओढला. चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. मग उठून त्याने खोलीचं दार लोटलं आणि पुन्हा बसला. "दोन्या बासिलिया," तो म्हणाला, "थांबा जरा. पुढचं बोलण्याआधी माझं ऐका. आम्ही बघण्याआधी गाडीला कुणी हात लावला असेल तर त्याला वेगळं कलम आहे. मग समिती नाही, अर्ज नाही, काही नाही. फाइल बंद. मी हे ऐकलंच नाही असं समजतो. तुम्ही घरी जा, विचार करा."

"विचार दोन महिने केला. लिही."

"आई," नोएमी म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी लांबून आला. "कुणी हात लावला?"

बासिलिया टेबलाच्या कडेकडे बघत बोलली. बाजारात गिऱ्हाइकाला माल सांगावा तशी, एकेक वस्तू. बियर एक. अल्कोहोल एक. पाकळ्या. फ्रोइलानने दार उघडलं, पण त्याचं नाव लिहायचं नाही. मी आत बसले. मी ओतलं. त्याने आयुष्यात त्या गाडीला एक थेंब लावू दिला नव्हता.

"कधी?"

"शनिवारी."

"शनिवारी कधी?"

"दुपारी. साडेबारा. एक."

नोएमीने टेबलावरचा हात काढून घेतला. "तेव्हा त्याने तुम्हाला—"

"माहीत आहे. तूच सांगितलंस."

बाहेर कुणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. वाल्दाने लिहायला घेतलं आणि लिहीत लिहीत वाचत गेला, तिला कळावं म्हणून, सावकाश. वासाचे कारण अपघातानंतरचे आहे. चालकाने मद्य घेतल्याचा पुरावा नाही. मयताच्या आईने अपघाताच्या दुसऱ्या दिवशी—

"मयत नको लिहूस," बासिलिया म्हणाली. "तेव्हा तो मयत नव्हता. एलोयच्या आईने, असं लिही."

वाल्दाने खोडलं आणि तसं लिहिलं. मग शाईची डबी पुढे केली. दर वेळी अंगठ्याला शाई लावून घेताना ती काहीतरी टोचून बोलायची. आज तिने अंगठा दिला आणि तो स्वतःच पोलेऱ्याला पुसला. वाल्दा दारापर्यंत सोडायला आला. "गाडी तुम्हाला न्यावी लागेल," तो खाली बघत म्हणाला. "आता ती आमच्याकडे ठेवता येत नाही."

वर जाताना रोपवेच्या डब्यात त्या दोघी समोरासमोर बसल्या. खाली विटांची घरं मागे सरकत होती, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, कुत्री. पहिल्या खांबापाशी डबा हिंदकळला तेव्हा नोएमी म्हणाली, "म्हणजे तो खरंच पीत नव्हता." तिने ते बासिलियाला सांगितलं नाही, काचेला सांगितलं. मग शाल तोंडावर घेतली, आणि जे दोन महिने अडलं होतं ते आलं, खांदे हलवत, आवाज करत. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने तिला संत्र्याची फोड देऊ केली. बासिलियाचा हात पुढे होऊन अर्ध्यावर राहिला. वरच्या स्थानकात डबा शिरताना नोएमीने तोंड पुसलं आणि ती म्हणाली, "रूत काही दिवस माझ्या आईकडे राहू दे. तुमच्या दुकानावर नको." बासिलिया म्हणाली, "तिला लोकरीची टोपी घाल. कान दुखतात तिचे." आणि त्या दोन वेगळ्या जिन्यांनी उतरल्या.

आवारात वारा होता. बासिलियाने बादली मागितली, फ्रोइलानने दिली. साबणाची वडी तिने येताना घेतली होती. शिंपलेली गाडी धुवायची नसते, शिंपण आपोआप झडेपर्यंत राहू द्यायचं असतं, हे तिने जन्मभर लोकांना सांगितलं होतं, न ऐकता धुणाऱ्यांना शिव्या दिल्या होत्या. तिने टोपी काढून बॉनेटवर ठेवली आणि बाह्या वर केल्या. बादली उचलताना हात सवयीने तिरपा झाला, पहिला ओघळ जमिनीला द्यायला. तिने तो सरळ केला. धरतीला त्या दिवशी तिच्याकडून काही मिळालं नाही. सगळं पाणी सीटवर गेलं. काळ्या पडलेल्या पाकळ्या रेक्झिनला चिकटल्या होत्या, त्या तिने नखाने एकेक सोडवल्या. काचेच्या चुऱ्याने बोटं कापली, ती तिने पाण्यात बुडवली आणि पुन्हा घासायला घेतलं. जिच्यात आता कुणी बसणार नव्हतं ती सीट तिने घासून कोरी केली.

मग ती शेवटची म्हणून उजवीकडच्या खोबणीत हात घालायला वाकली. आत, तळाशी, काहीतरी कडक, वळलेलं लागलं. तिने ते बाहेर काढलं. संत्र्याचं साल, तपकिरी, वाळून शिंपल्यासारखं झालेलं. तिने ते दोन्ही हातांत धरून नाकाजवळ नेलं. आंबलेल्या बियरचा वास आला. तिने तिथेही ओतली होती; हात आखडला नव्हता. तिने साल बादलीतल्या पाण्यात धुतलं आणि वास घेतला. पुन्हा धुतलं. साबण न लावता, नुसत्या पाण्याने, अंगठ्याने हळूहळू चोळत, लहान मुलाचा कान धुवावा तसं. फ्रोइलान दारात कुलूप घेऊन उभा होता, त्याने घाई केली नाही. शेवटी सालाला बियरचा वास येईना. तिने ते पुन्हा नाकाशी धरलं, डोळे मिटून, बराच वेळ. पाण्याचा वास येत होता.